अपघातातील जखमींची नुकसानभरपाई : हक्क, मुदत आणि हिशेब

‘ट्रक-जीप अपघातात तीन ठार, सात जखमी.’ अशा मथळ्याची बातमी आपण रोज वाचतो. त्यातील तिघांच्या घरी पुढे काय घडले असेल याची कल्पना करता येते. त्या सात जणांचे काय झाले, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. कुणाचा पाय गुडघ्याखालून काढावा लागतो, कुणाच्या मनगटात पट्टी आणि स्क्रू बसवूनही मूठ वळत नाही, तर कुणाला डोक्याच्या मारामुळे कालचे आज आठवत नाही. मृताच्या वारसांना भरपाई मिळते, एवढे बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. परंतु वाचलेल्या माणसालाही केवळ औषधपाण्याच्या खर्चाचीच नव्हे, तर बुडालेल्या व पुढे बुडणाऱ्या कमाईची आणि भोगलेल्या यातनांचीही भरपाई मागण्याचा हक्क आहे, याची जाणीव आपल्या शहरी, सुशिक्षित समाजातही पुरेशी नाही. जाणीव होते तेव्हा बरेचदा कागदपत्रे हरवलेली असतात आणि मुदत उलटून गेलेली असते.

मोटार अपघातांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे नेमण्याची तरतूद १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने आली. तोपर्यंत जखमीला दिवाणी न्यायालयात साधा दावा लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. सध्याचा मोटार वाहन कायदा १९८८ चा; तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. २०१९ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि तिच्यातील विमा व भरपाईविषयक कलमे १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. ही शेवटची तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी. कारण त्याआधीची पुस्तके, माहितीपत्रके आणि अनुभवी शेजाऱ्यांचे सल्ले यांतील बराच भाग या तारखेनंतर कालबाह्य झाला आहे.

अर्ज कोठे करावा

अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी बहुधा जिल्हा न्यायाधीशच या न्यायाधिकरणाचे काम पाहतात. अपघात जेथे घडला तेथेच अर्ज केला पाहिजे, हा समज चुकीचा आहे. कायद्याच्या १६६ व्या कलमानुसार अपघाताचे ठिकाण, अर्जदाराच्या निवासाचे वा व्यवसायाचे ठिकाण, अथवा सामनेवाल्याच्या निवासाचे ठिकाण यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते. ठाण्याचा रहिवासी कोकणात जाताना महामार्गावर जखमी झाला, तर त्याने प्रत्येक तारखेला रत्नागिरी वा अलिबाग गाठण्याचे कारण नाही. त्याला ठाण्यातच अर्ज करता येईल. जखमी व्यक्ती स्वतः येऊ शकत नसेल, तर रीतसर अधिकार दिलेला प्रतिनिधी अर्ज करू शकतो.

सहा महिन्यांची मुदत

मुदतीचा प्रश्न सर्वाधिक घातक ठरतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. १९८८ च्या मूळ कायद्यात अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत होती. ती अन्यायकारक असल्याचे ध्यानात आल्यावर १९९४ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली आणि पुढची सुमारे सत्तावीस वर्षे या दाव्यांना मुदतच उरली नाही. ‘अपघाताच्या दाव्याला मुदत नसते’ हे वाक्य न्यायालयाच्या आवारात आजही ऐकू येते ते त्यामुळेच. तथापि १ एप्रिल २०२२ पासून १६६ व्या कलमाच्या तिसऱ्या उपकलमान्वये सहा महिन्यांची मुदत पुन्हा अवतरली आहे.

ज्याच्या मांडीचे हाड मोडले आहे, त्याचे पहिले सहा महिने रुग्णालय, दुसरी शस्त्रक्रिया आणि व्यायामोपचार यांतच सरतात. त्याचे कायमचे अपंगत्व किती, हेही कित्येकदा तोवर निश्चित झालेले नसते. अशा माणसाकडून सहा महिन्यांत वकील, कागदपत्रे आणि अर्ज यांची अपेक्षा करणे, हे प्रस्तुत लेखकाच्या मते कल्याणकारी कायद्याला शोभणारे नाही. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असे न्यायाधिकरणांना व उच्च न्यायालयांना बजावले. ज्यांची मुदत उलटली आहे त्यांनी या आदेशाचा आधार घेऊन वकिलांचा सल्ला जरूर घ्यावा. ज्यांची मुदत शिल्लक आहे त्यांनी मात्र अंतरिम आदेशावर विसंबून राहू नये. अंतरिम आदेश हा शेवटी अंतरिमच असतो. अर्ज मुदतीत दाखल करावा. अपंगत्वाचे प्रमाणपत्र, पुढील बिले आणि डॉक्टरांची साक्ष नंतर सादर करता येते.

पोलिसांचे कागद

अपघातानंतर घरच्यांचे लक्ष रक्ताच्या बाटल्यांकडे असते, पोलिसांच्या कागदांकडे नसते. आणि ते स्वाभाविकच आहे. तरीही कुटुंबातील एकाने पहिल्या दोन-तीन दिवसांत पोलीस ठाण्यात जाऊन यावे. प्रथम खबरी अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनांची तपासणी आणि साक्षीदारांचे जबाब ही दाव्याची पायाभरणी होय. रुग्णालयात दाखल करताना ‘पडल्यामुळे इजा’ अशी मोघम नोंद झाली, तर तेच एक वाक्य पुढे विमा कंपनीचे वकील साक्षीदाराच्या पिंजऱ्यात वाचून दाखवतात. म्हणून दाखल करणाऱ्याने वाहनाच्या अपघाताचा स्पष्ट उल्लेख करून पोलिसांना कळविण्याचा आग्रह धरावा.

२०२२ पासून पोलिसांवरील जबाबदारीही वाढली आहे. अपघाताची माहिती मिळाल्यापासून ४८ तासांत तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला व विमा कंपनीला कळवावयाचा, जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुना दहा दिवसांत द्यावयाचा आणि तीन महिन्यांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा, अशी नियमांत तरतूद आहे. हा सविस्तर अहवालच भरपाईचा अर्ज मानला जावा, असेही कायदा म्हणतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांच्या अंमलबजावणीसाठी तपशीलवार निर्देश दिले. प्रत्यक्षात सर्वच पोलीस ठाण्यांत हे वेळेवर होते असे समजून चालणे धाडसाचे ठरेल. आपला स्वतंत्र अर्ज तयार ठेवावा, हे उत्तम.

फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला तर भरपाईचा दावाही बुडाला, अशीही एक समजूत आहे. तीत तथ्य नाही. फौजदारी न्यायालयात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. न्यायाधिकरणासमोर मात्र, घटना अशी घडली असण्याची शक्यता अधिक आहे, एवढे पुराव्यावरून दिसले तरी पुरते.

पैसे कोण देणार

दावा वाहनाचा चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांविरुद्ध लावला जातो. प्रत्येक वाहनाचा त्रयस्थ पक्षासाठीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा सक्तीचा असल्याने प्रत्यक्षात पैसे बहुधा विमा कंपनी देते. एस.टी.सारख्या सरकारी परिवहन उपक्रमांना या सक्तीतून सूट मिळू शकते. तेथे महामंडळ स्वतःच सामनेवाला असते.

चालकाकडे परवाना नव्हता किंवा तो त्या प्रकारच्या वाहनाचा नव्हता, हा विमा कंपन्यांचा नेहमीचा बचाव. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या एका महत्त्वाच्या निकालात मार्ग दाखविला : त्रयस्थ जखमीला कंपनीने आधी रक्कम द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी. मालक व कंपनी यांच्यातील कराराचे भांडण जखमीच्या माथी येऊ नये, हा त्यामागील विचार. ज्याला विमाच नव्हता अशा वाहनाच्या बाबतीत मात्र सारी जबाबदारी मालकावर येते आणि अशा निकालाची वसुली ही एक स्वतंत्र कहाणी असते.

दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. पहिले, मोटारसायकलवर मागे बसणारा. ज्या दुचाकीवर तो बसला होता तिच्याच चालकाच्या चुकीने अपघात झाला आणि त्या दुचाकीचा केवळ कायद्याने सक्तीचा तेवढाच विमा असेल, तर मागे बसलेल्याची जोखीम त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले आहे. सर्वंकष पॉलिसी असल्यास परिस्थिती वेगळी असू शकते; म्हणून पॉलिसीचे सर्व पान न् पान पाहावे. दुसरे, वऱ्हाडाचा टेम्पो. मालवाहू वाहनातून प्रवासी म्हणून जाणाऱ्यांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. सोबतच्या मालाचा मालक वा त्याचा प्रतिनिधी याला तेवढे संरक्षण आहे. दरवर्षी लग्नसराईत आणि यात्रांच्या हंगामात टेम्पो उलटल्याच्या बातम्या येतात, त्या वाचताना ही गोष्ट आठवल्याखेरीज राहत नाही. त्या टेम्पोतील माणसांना दाद मिळते ती बहुधा टेम्पोमालकाविरुद्ध, ज्याच्याकडे टेम्पोखेरीज दुसरे काही नसते.

स्वतःच्याच चुकीने, दुसऱ्या वाहनाचा संबंध नसताना जखमी झालेल्या मालक-चालकाला त्रयस्थ विम्यातून काही मिळत नाही. त्याच्यासाठी पॉलिसीत वैयक्तिक अपघात संरक्षण असते. त्याची किमान रक्कम विमा नियामकाने २०१८ मध्ये १५ लाख रुपये केली. ते मृत्यू व ठरावीक स्वरूपाच्या कायम अपंगत्वापुरते असते, साध्या अस्थिभंगासाठी नव्हे.

झटपट वाटेतला सापळा

चूक कुणाची हे सिद्ध न करता मिळणाऱ्या भरपाईची तरतूद आता १६४ व्या कलमात आहे. तीनुसार मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. ‘गंभीर दुखापत’ म्हणजे अवयव गमावणेच नव्हे. हाड मोडणे वा निखळणे, दात पडणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे याही गोष्टी त्यात येतात. किरकोळ अस्थिभंगातून पूर्ण बरे झालेल्यांना ही वाट सोयीची आहे.

पण ज्याला कायमचे अपंगत्व आले आहे त्याने येथे थांबून विचार करावा. विमा कंपनीकडून विहित पद्धतीने आलेला १६४ व्या कलमाखालील देकार स्वीकारला, की १६६ व्या कलमाखालील सविस्तर दावा संपुष्टात येतो. रुग्णालयाचे बिल थकलेले असताना समोर आलेले अडीच लाख नाकारणे सोपे नसते, हे खरेच. परंतु त्या सहीची किंमत किती असू शकते, हे पुढील हिशेबावरून कळेल.

धडक देऊन वाहन पळून गेले आणि शोध लागला नाही, तर १६१ व्या कलमाखाली मृत्यूसाठी २ लाख व गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. २०२२ पूर्वी हीच रक्कम अनुक्रमे २५ हजार आणि साडेबारा हजार होती. यासाठी न्यायाधिकरणात जावे लागत नाही. अर्ज तालुका वा उपविभागाच्या पातळीवरील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा. मंजुरी जिल्हा पातळीवर मिळते आणि रक्कम साधारण विमा परिषदेमार्फत बँक खात्यात येते. ही योजना जितकी साधी तितकीच अपरिचित आहे. पुढे वाहन सापडले तर नियमित दावा लावता येतो. मात्र तेथे भरपाई मिळाल्यास ही आधीची रक्कम परत करावी लागते.

अपंगत्वाचा हिशेब

जखमीच्या भरपाईचे गणित कसे मांडावे, याचा वस्तुपाठ न्या. आर. व्ही. रवींद्रन व न्या. एच. एल. गोखले यांच्या खंडपीठाने ऑक्टोबर २०१० मध्ये दिलेल्या निकालात सापडतो. उपचार, औषधे, प्रवास व सकस आहार यांचा खर्च. उपचारकाळात बुडालेली कमाई. कायम अपंगत्वामुळे भविष्यात बुडणारी कमाई. पुढील वैद्यकीय खर्च. वेदना व मानसिक क्लेश. आणि जीवनातील सुखांना मुकणे, ज्यात विवाहाची शक्यता दुरावणेही येते, अशी बाबवार विभागणी त्यात आहे. किरकोळ दुखापतीत पहिल्या दोन बाबी आणि वेदनांची रक्कम एवढ्यावर काम भागते. कायम अपंगत्व असेल तेव्हा भविष्यातील कमाई ही सर्वांत मोठी बाब ठरते आणि खरा वाद तेथेच होतो.

वादाचे मूळ असे की, डॉक्टरांच्या प्रमाणपत्रातील टक्का आणि कमावण्याच्या क्षमतेत झालेली घट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वरील निकालातच याचे उदाहरण आहे. डावा हात तुटल्यास शारीरिक अपंगत्व सुमारे ६० टक्के धरले जाईल. पण तो माणूस वाहनचालक वा सुतार असेल, तर त्याची कमाई जवळपास शंभर टक्के बुडते. उलट तो सरकारी कचेरीतील लिपिक असेल, तर त्याची नोकरी कदाचित तशीच चालू राहील. म्हणून न्यायाधिकरणाने विचारावयाचा प्रश्न ‘हात किती टक्के गेला’ हा नसून ‘या माणसाला आता कोणते काम करता येईल’ हा आहे. त्यासाठी त्याचा व्यवसाय, वय, शिक्षण आणि पर्यायी कामाची शक्यता पाहिली जाते. शिवाय एका अवयवाचे अपंगत्व आणि संपूर्ण शरीराच्या संदर्भातील अपंगत्व यांतही फरक असतो. प्रमाणपत्रात तो स्पष्ट नसला की कंपनीचे वकील त्यावरच उलटतपासणी घेतात.

गणिताची पद्धत आता बरीच स्थिरावली आहे. वयानुसार गुणक सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवून दिले : पंचविशीपर्यंत १८, सव्वीस ते तीस १७, एकतीस ते पस्तीस १६, छत्तीस ते चाळीस १५, याप्रमाणे उतरत जाऊन पासष्टीनंतर ५. भविष्यात वाढू शकणाऱ्या उत्पन्नासाठी किती भर घालावी हे घटनापीठाने ऑक्टोबर २०१७ मध्ये निश्चित केले : चाळिशीच्या आतील कायम नोकरदाराला ५० टक्के, तर स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला वा ठरावीक पगारावरील माणसाला ४० टक्के, वय वाढेल तसे हे प्रमाण घटते. ही भर फक्त मृत्यूच्या दाव्यात असते, असा युक्तिवाद कंपन्या करीत असत. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. त्या प्रकरणात संगणकावर माहिती भरण्याचे काम करणाऱ्या तरुणाचा हात गेला होता. उच्च न्यायालयाने अपंगत्व ४५ टक्के धरले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने ६५ टक्क्यांवर नेले.

समजा, स्वतंत्रपणे काम करणारा एक सुतार आहे. वय ३४, मासिक उत्पन्न २० हजार. वर्षाचे २ लाख ४० हजार झाले. त्यात ४० टक्के भर घातली की ३ लाख ३६ हजार. गुणक १६, म्हणजे ५३ लाख ७६ हजार. जखमीच्या दाव्यात, मृताच्या दाव्याप्रमाणे, स्वतःच्या खर्चापोटी वजावट होत नाही. आता मनगट निकामी झाल्याने कमाईची क्षमता १५ टक्के घटली असे धरले, तर या बाबीखाली ८ लाख ६ हजार ४०० रुपये मिळतील. ३० टक्के धरली तर १६ लाख १२ हजार ८००. आणि निम्मी घटली असे सिद्ध झाले तर २६ लाख ८८ हजार. माणूस तोच, मनगट तेच. फरक पडतो तो डॉक्टरांनी साक्षीत काय सांगितले आणि त्याच्या व्यवसायाविषयी कोणता पुरावा आला, यामुळे. अडीच लाखांच्या देकारावर सही करण्यापूर्वी हे आकडे एकदा कागदावर मांडून पाहावेत.

यासाठी शक्यतो उपचार करणाऱ्या शल्यविशारदाचीच साक्ष व्हावी. नुसते प्रमाणपत्र फाइलला लावून भागत नाही; ते देणाऱ्याने ते सिद्ध करावे लागते. मोठ्या रुग्णालयांतील डॉक्टर साक्षीला येण्यास नाखूश असतात, त्यांच्या शस्त्रक्रिया अडतात, ही अडचण २०१० च्या निकालानेही ओळखली असून त्यांची साक्ष लवकर, ठरलेल्या वेळी वा आयुक्तामार्फत नोंदविण्याचे सुचविले आहे. आपल्या वकिलांनी तसा अर्ज करावा.

उत्पन्नाच्या पुराव्यापाशीही बरेच दावे लंगडे पडतात. पगारपत्रक वा आयकर विवरणपत्र असेल तर प्रश्नच नाही. रिक्षाचालक, फेरीवाले, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांच्याकडे असे काही नसते. अशा वेळी कामाचे स्वरूप, बँकेतील नोंदी, ज्यांच्याकडे काम केले त्यांची साक्ष यांचा आधार घ्यावा. काहीच नसेल तर किमान वेतनाची अधिसूचना मापदंड म्हणून वापरली जाते. विवरणपत्रात करासाठी उत्पन्न कमी दाखवायचे आणि दाव्यात ते चौपट सांगायचे, हे मात्र चालत नाही. न्यायाधिकरण विवरणपत्रच खरे मानते, आणि त्यात त्याचे काही चुकते असे म्हणवत नाही.

गृहिणीला ‘उत्पन्न नाही’ म्हणून केवळ औषधांचे पैसे देण्याचे दिवस आता सरले आहेत. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाचे काल्पनिक उत्पन्न धरणे ही तिच्या कामाची कायद्याने घेतलेली दखल असल्याचे सांगितले. त्यामुळे कंबर वा पाय कायमचा अधू झालेल्या गृहिणीने पूर्वी ती कोणती कामे करीत असे आणि आता त्यासाठी कुणाला किती पगार द्यावा लागतो, हे पुराव्यात जरूर आणावे. लहान मुलांच्या बाबतीतही दृष्टी बदलली आहे. २०२५ च्या एका निकालात अपंगत्व आलेल्या मुलाचे उत्पन्न कुशल कामगाराच्या किमान वेतनाइतके धरण्यास सांगण्यात आले. ज्या मुलाला आयुष्यभर परिचारक लागणार आहे, त्याच्या बाबतीत परिचारकाचा खर्चही गुणक लावूनच काढावा, एकरकमी अंदाजाने नव्हे, असे सर्वोच्च न्यायालय २०२० मध्ये म्हणाले आहे.

बिले, मेडिक्लेम आणि तातडीचे उपचार

वैद्यकीय बिलांचा अस्सल संच एका पिशवीत, तारीखवार ठेवावा. मेडिक्लेमसाठी मूळ बिले द्यावी लागली, तर त्यांच्या प्रमाणित प्रती आणि कंपनीचे मंजुरीपत्र जपून ठेवावे. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम अपघात भरपाईतून वजा करावी का, या प्रश्नावर निकाल उलटसुलट होते. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा वाद मिटवला : मेडिक्लेम हा स्वतः हप्ते भरून केलेल्या कराराचा लाभ आहे, तो वजा करता येणार नाही. ज्याने दूरदृष्टीने विमा उतरवला त्याच्या शहाणपणाचा फायदा अपघात करणाऱ्याला का मिळावा, हा त्यामागील साधा न्याय आहे.

पहिल्या काही दिवसांच्या उपचारांसाठी ५ मे २०२५ पासून केंद्र सरकारची रोकडरहित उपचार योजना अमलात आली आहे. अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, योजनेत नेमलेल्या रुग्णालयांत जखमीवर पैसे न घेता उपचार करावयाचे आहेत. नेमलेले नसलेल्या रुग्णालयात रुग्णाची प्रकृती स्थिर करण्यापुरतेच हे संरक्षण आहे. मदत करणाऱ्या वाटसरूला पोलिसांनी वा रुग्णालयाने नाव सांगण्याची सक्ती करू नये, असेही आता कायद्यात आहे.

‘तुमचीही चूक होती’

जखमीचाही निष्काळजीपणा होता असे ठरले, तर भरपाईतून त्या प्रमाणात कपात होते. हेल्मेट नव्हते, दुचाकीवर तिघे होते, हे मुद्दे हटकून मांडले जातात. नियमभंग हा नियमभंगच. परंतु त्यामुळे अपघात घडला वा दुखापत वाढली, असा संबंध दाखवावा लागतो, केवळ तिघे बसले होते म्हणून कपात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. मोडलेल्या पायाचा हेल्मेटशी संबंध कसा, असे विचारण्याचा अधिकार अर्जदाराला आहे. दोन वाहनांच्या चुकीने तिसराच जखमी झाला असेल, तर त्याला दोहोंपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागता येते. आपसांतील वाटणी त्यांची त्यांनी पाहावी.

लोकलमधून पडल्यास

मुंबईकरांच्या दृष्टीने रेल्वेचा विषय टाळता येणार नाही. येथे मोटार वाहन कायदा लागू होत नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या १२४-अ कलमानुसार गाडीतून पडणे ही ‘अनुचित घटना’ मानली जाते आणि रेल्वेची चूक असो वा नसो, प्रवाशाला भरपाई द्यावी लागते. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे, साधारणतः एका वर्षाच्या आत करावयाचा. मृत्यूसाठी व सर्वांत गंभीर दुखापतींसाठी १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये ठरले आहेत. अन्य दुखापतींचे तक्ते नियमांत दिलेले आहेत. तिकीट वा पास सापडला नाही एवढ्यानेच दावा फेटाळता येत नाही, तो अस्सल प्रवासी होता असे प्रतिज्ञापत्र आल्यावर उलट सिद्ध करण्याची जबाबदारी रेल्वेवर जाते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. गर्दीत दारात लटकणे हा प्रवाशाचा निष्काळजीपणा म्हणून रक्कम कमी करण्याचीही सोय या कलमात नाही. रूळ ओलांडताना गाडीची धडक बसली, तर मात्र या कलमाचा आधार मिळत नाही. म्हणून रेल्वे पोलिसांच्या पंचनाम्यात आणि स्टेशन मास्तरांच्या नोंदीत ‘पडला’ लिहिले आहे की ‘ओलांडताना’, हे नातेवाइकांनी त्याच दिवशी पाहून घ्यावे.

वकील, दलाल आणि तडजोड

अपघात विभागाबाहेर कधी कधी एखादा अगत्यशील गृहस्थ भेटतो. तो पोलिसांचे कागद आणून देतो, ‘आत्ता काही देऊ नका, मिळतील त्यातले तीस टक्के’ असे म्हणतो आणि कोऱ्या वकीलपत्रावर सही घेतो. दाव्याच्या निकालाशी बांधलेली फी ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई केली आहे, हे अशा वेळी आठवावे. कोऱ्या कागदावर सही करू नये, मूळ कागद हवाली करताना यादीवर पोच घ्यावी. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते.

लोकअदालतीत तडजोड केल्यास रक्कम लवकर हाती येते, पण त्या निवाड्याविरुद्ध अपील करता येत नाही. अपंगत्वाचा टक्का निश्चित होण्याआधीच तडजोडीला बसू नये, हे आमचे मत आहे. न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करता येते. वादातील रक्कम १ लाखापेक्षा कमी असेल तर अपील नाही. विमा कंपनीने वा मालकाने अपील करावयाचे झाल्यास २५ हजार रुपये किंवा निकालातील निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती आधी भरावी लागते.

निकालाच्या रकमेवर अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळते. रक्कम मोठी असेल तर तिचा काही भाग न्यायाधिकरण मुदत ठेवीत गुंतवावयास सांगते, विशेषतः अर्जदार अज्ञान वा निरक्षर असल्यास. उपचार, घर किंवा मुलांचे शिक्षण यांसाठी ठेव मुदतीपूर्वी मोडावयाची असेल, तर तसा कारणांसह अर्ज करता येतो. रक्कम जमा होऊनही अर्जदाराचा पत्ता बदलल्याने ती न्यायाधिकरणात पडून राहण्याचे प्रकार इतके वाढले की, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेऊन एप्रिल २०२५ मध्ये निर्देश दिले. अर्जातच आधार, पॅन व बँक खात्याचा तपशील द्यावा. घर बदलल्यास नवा पत्ता आणि फोन क्रमांक वकिलांना तर कळवावाच, शिवाय न्यायाधिकरणाच्या कार्यालयातही लेखी देऊन त्याची पोच घ्यावी.